हुडीवर रेनकोट घालून पंचिंग बॅग मारल्याने वजन उतरतं का?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचा २० वर्षांचा मुलगा, दोन वर्षं बॉक्सिंग करतोय. क्लास सुटल्यावर संध्याकाळी वजन ६८.४ किलो. २४ दिवसांनी स्पर्धा आणि खेळायचंय ६५ किलोत. जिममधल्या एका सीनियर दादाने सांगितलं की अंगाला लागून कचऱ्याची काळी पिशवी, त्यावर जाड हुडी, वरून रेनकोट असं घालून रोज दोरी आणि बॅग मार. जितका घाम तितकी चरबी जळेल आणि दमही वाढेल. चार दिवस करून पाहिलं. रोज सव्वा किलो उतरतं, सकाळपर्यंत बहुतेक सगळं परत येतं. परवा तर बॅगवर असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. चालू ठेवू का?

नको. आजच बंद कर, आणि ती पिशवी फाडून टाक. डोळ्यांपुढे अंधारी येणं म्हणजे शरीर हात जोडून थांब म्हणत होतं. तू थांबलास हे चांगलं झालं.

आता का ते सविस्तर सांगतो. नुसतं 'नको' म्हटलं तर पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी तुला पुन्हा तेच सांगेल आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. गेली बावीस वर्षं मी पुण्यात मुलांना बॉक्सिंग शिकवतोय. त्याआधी स्वतः खेळलो, आणि तू जे करतोयस ते मीही केलंय.

१९९४ची गोष्ट. राज्य पातळीवरची स्पर्धा, माझा गट ५७ किलो. आदल्या रात्री काटा ५७.९ दाखवत होता. आमच्यातल्या एका मोठ्या खेळाडूने सांगितलं तसं पहाटे चारला उठलो, अंगात लोकरीचा स्वेटर, वर रबरी रेनकोट, डोक्याला मफलर, आणि मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. पाण्याचा घोट नाही. तोंडात लिंबाची फोड धरून थुंकत होतो, त्याने तेवढेच थेंब कमी होतात म्हणून. दीड तासाने रेनकोट काढला तेव्हा बाहीतून पाणी ओतावं तसा घाम खाली पडला. तो बघून मला केवढा आनंद झाला होता! वजन भरलं ५६.९. सगळ्यांनी पाठ थोपटली.

बाउट, म्हणजे लढत, दुपारी होती. समोर ज्याला मी चार महिन्यांपूर्वी सहज हरवलं होतं तोच मुलगा. पहिला राउंड निभावला. दुसऱ्या राउंडच्या मध्यात त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मला दिसत होता, येतोय हे कळत होतं, पण डोकं बाजूला जात नव्हतं. डोळे आणि पाय यांच्यातली तार तुटल्यासारखं. रेफरीने आठपर्यंत मोजलं. तिसऱ्या राउंडमध्ये दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. नंतर कपडे बदलायच्या खोलीत लघवीला गेलो तर रंग बिनदुधाच्या चहासारखा. तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे: उष्णता, पाण्याची तूट आणि अतिश्रम यांनी स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला रंगद्रव्याचा अंश मूत्रपिंडातून बाहेर पडतो, आणि तो जास्त झाला तर मूत्रपिंडच बंद पडू शकतं. मला नुसतं झोपवून ठेवलं होतं. मी वाचलो त्यात कोणाची हुशारी नव्हती.

घाम येतो कशासाठी, इथून सुरुवात करू.

घरातला माठ आठव. मातीतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. माठाला बाहेरून ऑइलपेंट दिला किंवा प्लास्टिक गुंडाळलं तर? पाणी झिरपेल तेवढं झिरपेल, पण उडणार नाही, आणि माठ गार होणार नाही. तुझं अंगही तसंच आहे. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम पिशवीच्या आत ओघळून बुटात साचला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणजे पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग तापलेलंच. मग मेंदू अजून घाम सोडायचा हुकूम देतो, कारण त्याला फक्त एवढंच कळतं की अंग गार होत नाहीये. तुझा तो सव्वा किलो घाम ही मेहनतीची पावती नाही. गार होण्याची वाट बंद झाल्यामुळे शरीराने केलेली ती धडपड आहे.

हिशेबच मांडतो. बॅग, दोरी, पॅड असा तासभर जोरदार व्यायाम केलास तर तुझ्या वजनाच्या माणसाच्या ६०० कॅलरीच्या आसपास खर्च होतात. त्यातला पाव भागसुद्धा हातापायांच्या कामात जात नाही, उरलेली सगळी उष्णता. साधारण ४५० कॅलरी धर. ६८ किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला ५६ कॅलरी पुरतात. म्हणजे ती उष्णता बाहेर पडायची वाट पूर्ण बंद झाली असं समजलं, तर दर सात-आठ मिनिटांना तू एकेका अंशाने तापत जाशील. सात-आठ मिनिटं म्हणजे मधली विश्रांती धरून दोन राउंड. प्रत्यक्षात थोडी उष्णता चेहऱ्यातून, हातातून, श्वासातून निघते म्हणून इतक्या वेगाने होत नाही. पण प्लास्टिक घालून आपण नेमकं त्या दिशेने जातो. शरीराचं नेहमीचं तापमान ३७, आणि ४० ओलांडून माणूस बरळायला लागला की तो उष्माघात. मधे अंतर आहे तीन अंशांचं.

त्यात तुझं गाव डोंबिवली, क्लास पत्र्याच्या शेडमध्ये असं तूच लिहिलंयस. कोकणपट्टीच्या हवेत आधीच इतकी आर्द्रता की साध्या बनियनवरही घाम वाळत नाही. नागपूर-चंद्रपूरला ऊन जीवघेणं असतं, पण हवा कोरडी, निदान घाम तरी उडतो. तुमच्याकडे निसर्गानेच निम्मा रेनकोट घातलेला आहे.

आता चरबीचं. 'घाम म्हणजे रडणारी चरबी' असं काही जिमच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. चरबी घामावाटे जात नाही. ती जळली की तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. दहा किलो चरबी जळली तर सुमारे ८.४ किलो नाकातोंडातून हवेत गेली आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी झालं, असा तो हिशेब आहे. म्हणजे चरबी कमी करायची असेल तर जास्त काम करायला हवं, आणि हुडीत तू नेमकं तेच करू शकत नाहीस. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. तुझ्या तासाभराच्या ६०० कॅलरी सगळ्याच्या सगळ्या चरबीतून आल्या असं धरलं (तसं कधीच होत नाही), तरी ७०-८० ग्रॅम. काटा दाखवतो सव्वा किलो. मधला किलोभर म्हणजे निव्वळ पाणी आणि मीठ. म्हणूनच ते सकाळपर्यंत परत येतं, आणि यायलाच हवं.

'विष बाहेर पडतं' हाही त्याच भिंतीवरचा समज. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, आणि त्यांना त्यासाठी पाणी लागतं.

दम वाढतो का? इथे दादाची फसगत कशी होते ते मला कळतं, कारण अनुभव तसाच येतो. हुडीत तिसऱ्या राउंडलाच छाती भात्यासारखी चालते, नाडी कानात ऐकू येते, मग वाटतं आज खूप मेहनत झाली. होतं असं की रक्ताला एकाच वेळी दोन ठिकाणी जायचं असतं: स्नायूंना प्राणवायू द्यायला आणि कातडीखाली उष्णता सोडायला. त्यात घाम जाऊन रक्तातलं पाणीच घटलेलं. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकलं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. दमलास तू, पण काम झालं कमी.

हे मी एकदा माझ्या एका मुलाला दाखवून दिलं. तोही ऐकत नव्हता, हट्टी होता आणि गुणी होता. मंगळवारी साध्या टी-शर्टमध्ये बॅगवर तीन-तीन मिनिटांचे सहा राउंड. गुरुवारी तेच सहा राउंड हुडी आणि रेनकोटमध्ये. मी वही घेऊन बॅगच्या बाजूला उभा, प्रत्येक राउंडचे पंच, म्हणजे ठोसे, रेघा मारून मोजत. पहिले दोन राउंड दोन्ही दिवशी सारखेच गेले. तिसऱ्यापासून हुडीतल्या रेघा विरळ झाल्या, आणि सहाव्यात मंगळवारच्या निम्म्याही नव्हत्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजवा हात मारून परत गालाशी येत नव्हता, छातीशीच लटकत होता. हुडीची भिजलेली बाही कोपराला ओढत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं. गुरुवारी वजन मंगळवारच्या जवळजवळ दुप्पट उतरलं. शुक्रवारी सकाळी, जेवून-पिऊन-झोपून उठल्यावर, बुधवारच्या सकाळच्या वजनात आणि या वजनात शंभर ग्रॅमचाही फरक नव्हता. वही त्याच्या हातात दिली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टी-शर्टमध्ये आला.

आपल्या खेळात जो हात तू रोज मारतोस तोच हात रिंगमध्ये निघतो. महिनाभर दमलेला, संथ, खाली लटकणारा हात मारलास तर तोच पक्का होईल. चोवीस दिवसांत तुझ्याकडे चांगली प्रॅक्टिस होईल अशी सत्रं असतील पंधरा-सोळा. ती घामात घालवू नकोस.

अजून एक, याकडे कोणी लक्ष देत नाही. ओल्या जाड कपड्यांत रोज तास-दीड तास राहिलं की काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली नायटा हमखास येतो. मग एकाच हुकला टांगलेल्या ग्लोव्ह्जमधून आणि टॉवेलमधून तो सगळ्या क्लासभर फिरतो. बाउटच्या आधी मेडिकल असतं, आणि अंगावर पसरणारा त्वचारोग दिसला तर डॉक्टर अडवू शकतात. इतकं वजन उतरवून त्यासाठी घरी जाणं फार वाईट.

तुझे दादा म्हणतील, मोठमोठे बॉक्सर सॉना सूट (घाम कोंडणारा हवाबंद सूट) घालतात, व्हिडिओ आहेत. आहेत. पण व्यावसायिक बॉक्सरचं वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्याला भरून काढायला एक आख्खा दिवस मिळतो, सोबत आहार सांगणारा माणूस, डॉक्टर, सगळा ताफा असतो. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये सकाळी वजन आणि त्याच दिवशी बाउट. जिंकलास तर पुढच्या बाउटच्या सकाळी पुन्हा काटा. आठवड्यात चार बाउट म्हणजे चार वेळा वजन. एकदा पिळून काढलेलं शरीर चार दिवस पिळता येत नाही.

मोहम्मद अलीचं नाव तर प्रत्येक वेळी निघतं. अली सरावात रबरी सूट घालायचा हे खरं. पण तो हेवीवेट होता, त्याच्या गटाला वरची मर्यादाच नव्हती, वजन मर्यादेत बसवायची सक्ती नव्हती. आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढायला तो परतला तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. बरंच वजन उतरवून, त्यात थायरॉइडच्या गोळ्या घेऊन, तो अगदी तरुणपणीसारखा सडपातळ दिसत होता. लास वेगासच्या उष्म्यात रिंगमध्ये उतरला आणि अंगात काहीच नव्हतं. दहा राउंड मार खाल्ल्यावर त्याचा कोच अँजेलो डंडी याने लढत थांबवली. बारीक दिसणं वेगळं आणि अंगात जोर असणं वेगळं.

मेरी कोमचीही गोष्ट सांगतात. सप्टेंबर २०१८, पोलंड. पहाटे तीन-साडेतीनला ती तिथे पोहोचली, सकाळी साडेसातला वजन, आणि ४८ किलोच्या वर जवळजवळ दोन किलो जास्त. तासभर न थांबता दोरी मारली, वजन दिलं आणि सुवर्णपदक घेऊन आली. खरी गोष्ट आहे. पण तेव्हा ती पाच वेळची विश्वविजेती होती, वीस वर्षांच्या आसपासचा अनुभव होता आणि आपलं शरीर किती देईल हे तिला ग्रॅममध्ये माहीत होतं. तो अडचणीतून काढलेला मार्ग होता, रोजचा सराव नव्हता.

त्याच्या शेजारी पॅरिस २०२४ ठेव. खेळ वेगळा, कुस्ती, पण काटा तोच. विनेश फोगाटने पहिल्या दिवशी ५० किलोचं वजन व्यवस्थित दिलं, तीन कुस्त्या मारल्या. मधे जे खाल्लं-प्यायलं त्याने संध्याकाळी वजन मर्यादेच्या २.७ किलो वर गेलं. रात्रभर व्यायाम, सॉना, पाणी बंद, केससुद्धा कापले. सकाळी १०० ग्रॅम जास्त. अंतिम फेरीतून बाद. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असताना! पाणी संपत आलं की शरीर घाम देणंच कमी करतं. मग कितीही कपडे चढव, काटा हलत नाही, फक्त तापमान चढतं.

आणि ज्यांची गोष्ट कोणी सांगत नाही ते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जेमतेम महिनाभरात अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना मेले. वेगवेगळ्या राज्यांतले, एकमेकांशी संबंध नसलेले, तुझ्याच वयाचे. तिघांच्याही बाबतीत तेच: हवा न जाणारा सूट, गरम जागा, पाणी बंद आणि सतत व्यायाम. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली. २०१५ मध्ये फिलिपिन्समध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी फायटर लढतीच्या आधी असाच गेला. वजन तोडण्यावर मी एवढं लिहितोय ते या मुलांमुळे.

बॉक्सिंगमध्ये अजून एक काळजी असते जी धावपटूला नसते. आपल्या डोक्याला मार बसतो. शरीरातलं पाणी घटलं की मेंदूच्या भोवतालची रचनाही किंचित बदलते, आणि अशा डोक्याला बसलेला फटका जास्त बाधेल ही भीती खेळाच्या डॉक्टरांना कायम वाटत आली आहे. माझ्याकडे नियम सोपा आहे: ज्या दिवशी घाम काढायचं सत्र झालं किंवा ज्याचं पाणी कमी आहे, त्याने स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) उतरायचं नाही. हेडगार्ड घातलं तरी नाही.

जाड कपड्यांचा काहीच उपयोग नाही का? आहे, दोन ठिकाणी.

एक, थंडीत अंग गरम करायला. डिसेंबरात पुण्यात पहाटे दहा अंश असतात, राष्ट्रीय शिबिरासाठी पतियाळाला गेलास तर त्याहून निम्मे. तेव्हा ट्रॅकसूट, वर स्वेटशर्ट घालून शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव) आणि दोरी करायची. थंड स्नायूने जोरात हूक मारला की खांदा धरतो. पण कपाळावर घाम फुटला की वरचा थर काढायचा. कपडे गरम होईपर्यंत, दमेपर्यंत नाही. कपडाही सुती किंवा लोकरी, प्लास्टिक कधीच नाही.

दुसरा उपयोग म्हणजे उन्हाळ्यातल्या स्पर्धेसाठी शरीर उष्णतेला सरावणं. महाबळेश्वरच्या मुलाला मे महिन्यात अकोल्यात खेळायचं असेल तर दहा ते चौदा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ उष्णतेत हलका व्यायाम केला की घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. त्यासाठी एखादा जादा टी-शर्ट घालून अर्धा तास मध्यम गतीने काम चालतं, पाणी पीत पीत. तुला याची गरज नाही, तू डोंबिवलीत सरावलेलाच आहेस.

(जाड कपडे वेगळे आणि जड कपडे, म्हणजे वजनाचं जाकीट, हा वेगळा विषय आहे. ते घालून पायऱ्या चढणं, उठाबशा ठीक. पण ते घालून पंच मारू नकोस, गती आणि तोल दोन्ही बिघडतात.)

आता तुझ्या ६५ किलोचं काय ते बघू. पहिली गोष्ट, तुझं वजन ६८.४ नाही. ते संध्याकाळचं आहे, जेवणं-पाणी पोटात असतानाचं. स्पर्धेत काटा सकाळी असतो. सकाळी उठून, शौचाला जाऊन, काही न खाता-पिता, फक्त चड्डीवर वजन कर. बहुतेक ६७.५ च्या जवळ निघेल. म्हणजे उतरवायचे अडीच किलो.

चोवीस दिवसांत दीड ते दोन किलो खऱ्या अर्थाने उतरू शकतात, ताकद न गमावता. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो ही सुरक्षित गती. उपाशी राहू नकोस. तळलेलं, वडापाव-समोसा, बेकरी, गोड चहाचे चार कप, कोल्ड्रिंक हे आजपासून बंद. दुपारी दोन भाकऱ्या किंवा तीन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, ताक. संध्याकाळी क्लासच्या तासभर आधी केळं किंवा पोहे, म्हणजे बॅगवर जोर राहील. रात्री अंडी, मासे, चिकन किंवा पनीर, भाजी भरपूर आणि भात मूठभर. प्रथिनं कमी करू नकोस, नाहीतर चरबीऐवजी स्नायू जाईल.

पाणी शेवटच्या दिवसापर्यंत नेहमीसारखं. क्लासच्या आधी आणि नंतर काट्यावर उभा राहा. किलोभर कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर हळूहळू आत गेलं पाहिजे, त्यात थोडं मीठ हवं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत सगळं चालतं. फार घाम गेला असेल तर ओआरएस: लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून. लघवीचा रंग फिका पिवळा राहिला की बरोबर चाललंय.

शेवटचे दीड-दोन दिवस चोथा कमी करायचा. भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर बाजूला. त्याऐवजी भात, दही, अंडी, थोडा मासा, लोणचं-पापड नाही. आतड्यातलं वजन कमी होतं, मीठ कमी म्हणून अंगात धरलेलं पाणीही थोडं सुटतं. पाणी न तोडता अर्धा-पाऊण किलो यातच जातो. हे अनेक कोचही मुलांना सांगत नाहीत, सरळ रेनकोट हातात देतात.

इतकं करून वजनाच्या सकाळी २००-३०० ग्रॅम जास्त निघाले, तर साध्या ट्रॅकसूटमध्ये पंधरा-वीस मिनिटं हलकी दोरी, कोच शेजारी उभा, दर दहा मिनिटांनी काटा, पाण्याची बाटली हाताशी. त्याच्यापुढे नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना मी एवढंही करू देत नाही. लघवी होणारी गोळी कोणी दिली तर सरळ नाही म्हण. ती धोक्याची आहेच, शिवाय उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या यादीत आहे. दोन ते चार वर्षांची बंदी एका गोळीने लागू शकते.

वजनाच्या आठ दिवस आधी सकाळी काटा ६६.५ च्या वर असेल तर ६५ चा नाद सोड आणि ७० मध्ये नाव दे. हो, समोरचे थोडे मोठे असतील. पण भरल्या अंगाने, तिन्ही राउंड पाय चालवत खेळलेला ६७ किलोचा मुलगा वाळलेल्या ६५ किलोच्या मुलापेक्षा जास्त बाउट जिंकतो. वयाच्या विशीत तुझं हाड अजून भरतंय. कदाचित तुझा गट ७० हाच आहे.

काही सूचना मात्र टाळू नकोस. ताप, जुलाब, उलट्या झाल्यावर तीन-चार दिवस जोराचा सराव नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, आणि प्री-वर्कआउट पावडरींमध्ये भरपूर कॅफीन असतं. दोन्ही उष्णतेत वाईट. तुझं मूळ गाव किंवा नातं विदर्भातलं, नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करून घे, सरकारी दवाखान्यात होते. आजार नसला, नुसता वाहक असला तरी पाण्याची तूट, उष्णता आणि जोराचा व्यायाम एकत्र आले की असा खेळाडू अचानक कोसळू शकतो. माझ्या क्लासमध्ये त्या भागातून आलेल्या प्रत्येक मुलाची ही तपासणी मी पहिल्याच महिन्यात करून घेतो.

आणि क्लासमध्ये कोणी असा कोसळला, असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, तर अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. व्यायामातल्या उष्माघातात घाम चालूच असतो. कपडे काढा, ड्रममध्ये किंवा टाकीत गार पाणी आणि बर्फ घालून मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. ते नसेल तर बादल्या ओतत राहा, ओल्या चादरी, पंखा. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिली तीस मिनिटं निर्णायक असतात. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तुमच्या शेडमध्ये तसा एक ड्रम आहे का ते उद्या बघ, नसेल तर सरांना सांगून ठेवून घ्या.

दादाशी भांडू नकोस. त्याने तुझं वाईट चिंतलं नाही, त्याला जे शिकवलं तेच त्याने तुला सांगितलं. मी केला तो वहीचा प्रयोग त्याच्याबरोबर कर, दोघांनी मिळून.

उद्यापासून पाच सकाळी वजन लिहून ठेव, तसंच, चड्डीवर, उठल्या उठल्या. पाचही आकडे आणि दिवसभरात काय खाल्लंस ते इथेच लिही, मग ६५ की ७० ते ठरवू. परवाची अंधारी पुन्हा आली, किंवा साध्या टी-शर्टमध्येही आली, तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून घे.